टेबलात नसलेले रकाने

“साहेब, ऑगस्टमधलं बिल आहे. गिऱ्हाइकाला वॉरंटीसाठी दुसरी प्रत हवीय. छापलं तर चार हजारांनी कमी येतंय. जुनं बिल बदललं कसं?”

हा फोन मला नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. घरगुती उपकरणांचं दुकान, आणि तिथला बिलिंगचा वेब प्रोग्रॅम आम्ही लिहिलेला. बिल एका एसीचं होतं. करापूर्वीची किंमत ४०,००० रुपये, त्यावर २८ टक्के जीएसटी म्हणजे ११,२०० आणि एकूण ५१,२००. गिऱ्हाइकाच्या हातातल्या मूळ कागदावर हाच आकडा होता. पडद्यावर मात्र ४७,२०० दिसत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुकानदारांनी त्या दिवशी मालाच्या यादीत नवा दर भरला, आणि तेव्हापासून आमच्या प्रोग्रॅममधली एसीची झाडून सगळी जुनी बिलं नव्या दरानं दिसू लागली.

डेटाबेसमधल्या बिलांना कुणी हात लावला नव्हता. बदलण्यासारखा आकडा तिथे नव्हताच. बिलाची ‘एकूण रक्कम’ आम्ही कधी साठवलीच नव्हती. कुणी बिल उघडलं की ती त्या वेळी मोजली जायची, आणि मोजताना कराचा दर मालाच्या यादीतून, म्हणजे आजचा, उचलला जायचा.

वेब प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं जिथे हमखास अडतात ती जागा हीच: मॉडेलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या साच्यात, आहे पण डेटाबेसमध्ये नाही अशी माहिती. मॉडेलमधल्या माहितीच्या एकेका तुकड्याला प्रॉपर्टी म्हणतात, आणि त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: “ही प्रॉपर्टी टेबलात जाऊ नये म्हणून काय लिहायचं?” याचं उत्तर एका ओळीचं आहे, ते पुढे येईलच. पण ती टेबलात जाऊ नये हे ठरवायचं कशावरून, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आमचं बिल चुकलं ते तिथे.

## कीर्द, तेरीज आणि निरोप

जुन्या पद्धतीच्या पेढीवर कीर्द असते. घडलेला प्रत्येक व्यवहार त्या त्या तारखेला तिच्यात उतरवायचा. कीर्दीवरून खतावणी, म्हणजे खातेवार नोंद, होते आणि खतावणीवरून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा एकत्र ताळा, मांडतात. तेरीज चुकली तर कागद टाकून देऊन पुन्हा मांडता येते, कारण तिच्यातला प्रत्येक आकडा मागच्या वह्यांतून आलेला असतो. कीर्दीचं पान गहाळ झालं तर मात्र ते कशावरूनही परत मिळवता येत नाही.

डेटाबेसचं टेबल म्हणजे ही कीर्द. त्यात रकाने ठरलेले असतात आणि प्रत्येक नोंदीची एक ओळ असते. ‘ग्राहक’ टेबलातली एक ओळ प्रोग्रॅमनं वाचली की मेमरीत त्या ग्राहकाचं एक रूप तयार होतं. त्या रूपाचा साचा म्हणजे मॉडेल. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर या त्याच्या प्रॉपर्टी. टेबलातून मॉडेलमध्ये आणि मॉडेलमधून परत टेबलात माहितीची ने-आण करणारा जो भाग असतो त्याला ओआरएम म्हणतात. तो आपला दिवाणजी समजा.

मॉडेल मेमरीत राहत असल्यामुळे त्याला टेबलापेक्षा जास्त गोष्टी ठाऊक असू शकतात. टेबलात नाव आणि आडनाव वेगळे असले तरी मॉडेल ‘पूर्ण नाव’ सांगू शकतं. टेबलात जन्मतारीख असेल तर ते ‘वय’ सांगू शकतं. ही झाली तेरीज: कीर्दीतून काढलेलं उत्तर. दुसरीकडे नोंदणीच्या अर्जात ‘पासवर्ड पुन्हा लिहा’ असा चौकोन असतो. तो कशावरून काढलेला नाही आणि कुठे लिहूनही ठेवायचा नाही. दोन्ही पासवर्ड जुळतात का एवढं पाहिलं की त्याचं काम संपलं. हा तोंडी निरोप.

मॉडेलमध्ये नवी प्रॉपर्टी लिहिताना मी आता स्वतःला एवढंच विचारतो: ही घडलेली गोष्ट आहे, की घडलेल्यावरून काढलेलं उत्तर आहे, की फक्त निरोप? ज्या बिलाची ही गोष्ट आहे, तिथे आम्ही घडलेल्या गोष्टीला उत्तर समजलो होतो.

## वय कधीच साठवू नये, ते का

वयाचं उदाहरण सगळे देतात, पण त्याची खोली सहसा सांगत नाहीत. ‘वय ३४’ असं टेबलात लिहिलं की पुढच्या वाढदिवसाला ते खोटं ठरतं. रोज रात्री, त्या दिवशी वाढदिवस असलेल्यांची वयं मोजून बदलणारा प्रोग्रॅम लिहिणारेही मी पाहिले आहेत. तो प्रोग्रॅम एक रात्र बंद पडला की त्या दिवशी वाढदिवस असलेली सगळी माणसं वर्षभर एक वर्षानं लहान राहतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दक्षिण कोरियात याहून मोठी गोष्ट घडली. तिथल्या जुन्या रिवाजात बाळ जन्मतःच एक वर्षाचं धरलं जाई आणि दर एक जानेवारीला सगळ्यांच्या वयात एक वर्ष मिळवलं जाई. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. २८ जून २०२३ पासून तिथे कायदेशीर आणि सरकारी कामांसाठी वय जन्मतारखेपासून मोजण्याची जागतिक पद्धत लागू झाली आणि माणसं कागदोपत्री एक किंवा दोन वर्षांनी लहान झाली. त्यातही लष्करी सेवा आणि दारूखरेदी यांसाठी तिसरीच पद्धत चालू राहिली: चालू सालातून जन्मसाल वजा करायचं. म्हणजे एका माणसाची जन्मतारीख एकच, पण वयाची उत्तरं कामानुसार वेगवेगळी. ज्यानं जन्मतारीख साठवली असेल त्याला हिशेबाचा नियम तेवढा बदलावा लागला असेल. ज्यानं वयाचा आकडा साठवला असेल त्याच्याकडे, ‘हा आकडा कुठल्या पद्धतीचा?’ याचं उत्तरसुद्धा नसणार.

आता जवळचा खड्डा. वय काढायला ‘आजची तारीख’ लागते. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक वेळेवर चालतो आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख असते. अठराव्या वाढदिवशी रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी अर्ज भरणाऱ्या मुलीला तो ‘अठरा पूर्ण नाहीत’ म्हणून परत पाठवतो. दिवसा तपासलं तर ही चूक दिसत नाही. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं वय इतर वर्षांत २८ फेब्रुवारीला बदलायचं की १ मार्चला, हेही आधी ठरवून घ्यावं लागतं. हा सगळा विचार मॉडेलमधल्या ‘वय’ या एका प्रॉपर्टीत, एकाच ठिकाणी राहतो, हा तिचा खरा फायदा. पाच पानांवर पाच जणांनी वयाचा हिशेब मांडला की पाचांपैकी दोन चुकतात.

## दिवाणजीला सांगायचं कसं

आता ते एका ओळीचं उत्तर. ओआरएमच्या दोन परंपरा आहेत. एका परंपरेतला दिवाणजी सांगितल्याशिवाय काही सोडत नाही. मॉडेलमध्ये जे दिसेल ते टेबलात आहे असंच तो धरून चालतो. डॉटनेटमधलं एंटिटी फ्रेमवर्क आणि जावातलं हायबरनेट या घरातले. तिथे आपल्याला नको तेवढं सांगावं लागतं: एंटिटी फ्रेमवर्कमध्ये प्रॉपर्टीच्या डोक्यावर ‘नॉटमॅप्ड’ अशी खूण करायची, हायबरनेटमध्ये ‘ट्रान्झियंट’. खूण विसरलात तर एंटिटी फ्रेमवर्क पुढच्या मायग्रेशनमध्ये, म्हणजे टेबलाच्या रचनेत बदल करणाऱ्या फाइलमध्ये, तुमच्यासाठी नवा रकाना निमूट तयार करून ठेवतं. मायग्रेशन चालवली नाही तर ‘असा रकानाच नाही’ अशी चूक येऊन पान कोसळतं. नवशिक्यांना पहिल्यांदा भेटते ती ही चूक. ज्या प्रॉपर्टीला फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, तिला मात्र एंटिटी फ्रेमवर्क आपणहून वगळतं. वय आणि पूर्ण नाव तशाच असायला हव्यात. वयात थेट आकडा भरता येत असेल तर मॉडेल मांडतानाच काहीतरी चुकलेलं आहे.

दुसऱ्या परंपरेतला दिवाणजी सांगितल्याशिवाय काही लिहीत नाही. पायथनमधल्या जँगोमध्ये जे ‘फील्ड’ म्हणून जाहीर केलं तेवढंच टेबलात जातं, बाकी साधी पायथन प्रॉपर्टी. रूबी भाषेतलं रेल्स तर टेबलाकडे बघून रकाने ओळखतं, आणि जास्तीचं काही हवं असेल तर ‘ॲट्रिब्यूट ॲक्सेसर’ लिहायचा. पीएचपीतल्या लाराव्हेलमध्ये त्याला ‘ॲक्सेसर’ म्हणतात, जावास्क्रिप्टमधल्या मोंगूसमध्ये ‘व्हर्च्युअल’. नावं वेगळी असली तरी काम तेच.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखीच चकवते. अशा प्रॉपर्टीत तुम्ही काही भरलंत, नोंद साठवली आणि तीच नोंद डेटाबेसमधून पुन्हा वाचली, तर नव्यानं वाचलेल्या रूपात ती जागा रिकामी असते. ‘मघाशी भरलेलं गेलं कुठे?’ म्हणून तास-तास घालवणारे पुष्कळ. ते कुठे गेलेलं नसतं. ते कधी कीर्दीत लिहिलंच गेलं नव्हतं, त्या एका रूपाबरोबर ते संपलं.

## निरोप ऐकून विसरायचा असतो

पासवर्ड हा निरोपाचा सगळ्यात स्वच्छ नमुना. रेल्समध्ये ‘हॅज सिक्युअर पासवर्ड’ ही सोय वापरली की मॉडेलला ‘पासवर्ड’ आणि ‘पासवर्डची खातरजमा’ अशा दोन प्रॉपर्टी मिळतात, पण टेबलात रकाना एकच: ‘पासवर्ड डायजेस्ट’. म्हणजे पासवर्डचा भुगा, ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. उद्या तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकलात की त्याचाही तसाच भुगा करून दोन्ही ताडून पाहिले जातात. इथे एक बारकावा जपायला हवा. खातरजमेचा चौकोन अर्जात आलाच नाही तर रेल्स ती तपासणी करतच नाही. मोबाइल ॲपकडून येणाऱ्या अर्जात तो चौकोन राहून गेला तर तपासणी झाली नाही हे कुणी सांगत नाही.

कार्डाच्या मागचा तीन आकडी सीव्हीव्ही त्याहून कडक. व्यवहार मंजूर झाल्यानंतर तो साठवायचा नाही, कुलूपबंद करूनसुद्धा नाही, असं कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस या मानकात स्पष्ट लिहिलं आहे. भारतात रिझर्व्ह बँकेनं आणखी पुढे जाऊन १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार संकेतस्थळांना पूर्ण कार्ड नंबर जपून ठेवायलाही मनाई केली. त्या सुमाराला प्रत्येक संकेतस्थळ ‘कार्ड टोकनाइझ करा’, म्हणजे नंबराऐवजी एक सांकेतिक खूण ठेवू द्या, म्हणून विचारू लागलं ते यामुळे.

पण टेबलात रकाना नाही म्हणजे माहिती कुठेच उरली नाही, हा समज फार महागात पडतो. ३ मे २०१८ रोजी ट्विटरनं आपल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. टेबलात त्यांचे पासवर्ड भुगा करूनच ठेवले जात होते. पण भुगा होण्याआधीच ते एका अंतर्गत लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमनं काय काय केलं याच्या रोजनिशीत, जसेच्या तसे उतरत होते. मॉडेलमधली प्रॉपर्टी साठवली नाही तरी मेमरीत ती असतेच. कुणी चूक शोधायला म्हणून अख्खं मॉडेल लॉगमध्ये ओतलं, किंवा जेसॉन करून, म्हणजे पाठवण्यासाठी साध्या मजकुरात मांडून, ब्राउझरकडे पाठवलं, की तीही बरोबर जाते. म्हणून निरोपाच्या प्रॉपर्टीला दोन खुणा लागतात: ‘साठवू नको’ आणि ‘दाखवू नको’. पहिली सगळे करतात, दुसरी राहते.

तेरजेच्या प्रॉपर्टीचं गाऱ्हाणं नेमकं उलटं. ती जायला हवी असते आणि जात नाही. लाराव्हेलमध्ये ‘पूर्ण नाव’ जेसॉनमध्ये हवं असेल तर ‘अपेंड्स’च्या यादीत ते नाव लिहावं लागतं, आणि मोंगूसमध्ये व्हर्च्युअल पाठवायचे असतील तर तसं मुद्दाम चालू करावं लागतं.

## हे सगळं मॉडेलमध्येच कोंबायचं का?

बँकेत रोख भरायला जाता तेव्हा स्लिपवर पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती हे लिहावं लागतं. कॅशियर त्यावरून नोटा मोजून घेतो. पासबुकात त्यातलं काही येत नाही. तिथे तारीख, तपशील आणि रक्कम. नोटांचा हिशेब स्लिपवर हवा आणि पासबुकात नको, हे इतकं उघड आहे की कुणी पासबुकात ‘पाचशेच्या नोटा’ असा रकाना काढून त्यावर ‘इथे लिहू नये’ असा शिक्का मारत नाही. स्लिप वेगळीच छापतात.

प्रोग्रॅममध्येही स्लिप वेगळी छापता येते. अर्जासाठी वेगळा साचा, टेबलासाठी वेगळं मॉडेल. डॉटनेटवाले त्याला व्ह्यूमॉडेल म्हणतात, रेल्सवाले फॉर्म ऑब्जेक्ट, इतर कुणी डीटीओ. माझं मत स्पष्ट आहे: तेरीज मॉडेलमध्ये राहू द्या, निरोप स्लिपवर ठेवा. वय हा ग्राहकाचाच गुण आहे, तो ग्राहकाबरोबर शोभतो. ‘पासवर्ड पुन्हा लिहा’ हा अर्जाचा गुण आहे. मॉडेलवर एखाद-दुसरी ‘नॉटमॅप्ड’ खूण असेल तर चालून जातं. पाच-सहा झाल्या की समजावं, आपण पासबुकातच स्लिप भरून घेतोय.

वेगळ्या स्लिपमागे सुरक्षेचंही कारण आहे. मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव्ह या तरुण प्रोग्रॅमरनं, रेल्समध्ये लिहिलेल्या गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर दाखवून दिलं की अर्जात न दिसणारं जास्तीचं फील्ड हातानं घुसवून पाठवलं तर सर्व्हर ते मुकाट मॉडेलमध्ये भरतो. त्यानं अशा रीतीनं स्वतःची प्रवेशाची डिजिटल किल्ली तिथल्या रेल्सच्या खात्यावर जोडून घेतली. अर्ज जसाच्या तसा मॉडेलवर ओतण्याची सवय त्याला कारण होती. २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४ नं, ‘अर्जातली कुठली फील्ड घ्यायची त्यांची नावं आधी सांगा’ असा नियमच केला.

## मग अठरा वर्षांवरचे ग्राहक शोधायचे कसे?

ही सगळ्यात रास्त शंका. वय टेबलात नाही, तर डेटाबेसला ‘वय १८ पेक्षा जास्त’ असं विचारताच येत नाही. डेटाबेस मॉडेल ओळखत नाही, त्याला फक्त रकाने कळतात. जँगोमध्ये तसं विचारलं तर ‘असं फील्डच नाही’ म्हणून थेट नकार येतो. एंटिटी फ्रेमवर्क कोअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या नकार देत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. त्या सगळं टेबल उचलून मेमरीत आणायच्या आणि मग एकेक वय तपासायच्या. शंभर ओळींच्या चाचणीत कुणाला काही कळायचं नाही, आणि खऱ्या दुकानाच्या लाखभर ओळींवर पान हलायचं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून तिथेही स्पष्ट चूक दाखवली जाते. तो बदल पुष्कळांना जाच वाटला, मला तो उपकार वाटतो.

उपाय सोपा आहे: प्रश्न फिरवून विचारायचा. ‘ज्यांचं वय १८ किंवा जास्त’ याऐवजी ‘ज्यांची जन्मतारीख आजपासून अठरा वर्षांपूर्वीची किंवा त्याआधीची’. आजची तारीख एकदाच काढायची, तिच्यातून अठरा वर्षं वजा करायची आणि ती तारीख डेटाबेसला द्यायची. जन्मतारखेवर इंडेक्स असेल, म्हणजे पुस्तकाच्या मागे असते तशी सूची, तर लाखभर ओळींतूनही उत्तर क्षणात येतं. वय मोजावं लागलंच नाही.

प्रत्येक तेरीज इतकी सहज फिरवता येत नाही. ग्राहकाची ‘थकबाकी’ घ्या. ती त्याच्या सगळ्या बिलांची बेरीज वजा सगळा भरणा. मॉडेलवर ‘थकबाकी’ ही प्रॉपर्टी सुटसुटीत दिसते, पण तिला हात लावला की ती आतून डेटाबेसला वेगळा प्रश्न विचारते. दोनशे ग्राहकांची यादी दाखवायची तर यादीचा एक आणि थकबाकीचे दोनशे, असे दोनशे एक हेलपाटे. किराणा आणायला दर जिन्नसासाठी वेगळी फेरी मारावी तसं हे. अशा वेळी बेरीज डेटाबेसलाच करायला सांगून ती यादीबरोबरच मागवायची. जँगोत त्यासाठी ‘ॲनोटेट’ आहे, हायबरनेटमध्ये ‘फॉर्म्युला’. थकबाकी तेव्हाही कुठे साठवलेली नसते, पण ती एका फेरीत येते.

## डेटाबेसलाच मोजू दिलं तर?

मधला एक रस्ता आहे आणि तो मराठीत फारसा कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. टेबलात असा रकाना ठेवता येतो ज्यात आपण काही भरायचं नाही, डेटाबेसनंच इतर रकान्यांवरून तो काढायचा. याला जनरेटेड कॉलम म्हणतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तो २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून आहे, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये २०१९ च्या १२ पासून. जँगोनंही डिसेंबर २०२३ मधल्या ५.० आवृत्तीत त्यासाठी खास फील्ड दिलं. नग गुणिले दर, किंवा नाव आणि आडनाव जोडून पूर्ण नाव, अशा कामांना हा रकाना फार चांगला. त्यावरून शोधता येतं, क्रम लावता येतो आणि तो चुकीचा राहण्याची भीती नसते.

वयाला मात्र तो चालत नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघांचीही अट अशी की त्याच ओळीतल्या माहितीवरून दर वेळी तेच उत्तर यायला हवं. वय ‘आज’वर अवलंबून असतं आणि आज रोज बदलतो. म्हणून वयाचा जनरेटेड कॉलम करू गेलात तर डेटाबेस अडवतो, आणि बरोबरच अडवतो.

## “जागा स्वस्त आहे, सगळंच साठवून टाका की”

जागा स्वस्त आहे हे खरं, पण इथे अडचण जागेची नसतेच. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी दोन्ही जुळेनाशा होतात, आणि खरं कुठलं हे सांगायला तिसरं कुणी नसतं. रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत मांडणाऱ्या, डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० सालच्या त्या पहिल्या निबंधातच, साठवलेल्या एका गोष्टीवरून दुसरी काढता येत असेल तर काय होतं, याची स्वतंत्र चर्चा केली आहे. तेव्हापासून प्रश्न तोच आहे.

मग बँक पासबुकात शिल्लक का छापते? ती तर जमा आणि खर्चावरून काढता येते. कारण वीस वर्षांचे व्यवहार दर वेळी पहिल्यापासून बेरजेला घेणं परवडत नाही. अशा वेळी उत्तर जाणूनबुजून साठवतात. पण ते उत्तर आहे हे विसरायचं नाही. नोंद आणि शिल्लक एकाच व्यवहारात, एक तर दोन्ही किंवा एकही नाही, अशी लिहायची, आणि ठरावीक काळानं मूळ नोंदींवरून पुन्हा मोजून ताडून पाहायची. आधी साधी तेरीज लिहा. ती हळू चालते हे मोजून कळलं तरच हा खटाटोप करा.

## जे निरोप वाटायचं ते आता नोंद झालं

‘मला अटी मान्य आहेत’ या चौकोनाकडे नीट बघा. रेल्सच्या अधिकृत मार्गदर्शकात हा निरोपाचाच नमुना म्हणून येतो. टिचकी मारली आहे का ते तपासा, डेटाबेसमध्ये ती लिहून ठेवायची गरज नाही, असं तिथे म्हटलेलं आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. संमती घेतली होती की नाही असा वाद उभा राहिला तर ती घेतल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर आहे, असं तो कायदा सांगतो. त्या चौकोनाचा आकार तोच राहिला, पण तो निरोप उरला नाही, ती घडलेली गोष्ट झाली. कुणी, कधी, मसुद्याच्या कुठल्या आवृत्तीला होकार दिला, हे कीर्दीत जायला हवं. नुसता ‘हो’ साठवूनही भागत नाही, कारण मसुदा बदलला की तो ‘हो’ कशाला होता हे सांगता येत नाही.

एसीच्या बिलातही हीच गफलत होती. कराचा दर मालाच्या यादीत आहे, किंमत बिलात आहे, मग एकूण रक्कम गुणाकारानं निघते, असा आमचा विचार. पण मालाच्या यादीतला दर म्हणजे ‘आज विकलं तर किती’. बिलावरचा दर म्हणजे ‘त्या दिवशी किती लागला’. दोन्ही आकडे वर्षानुवर्षं सारखे राहिले म्हणून त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला दिसलं नाही. दर बदलला त्या दिवशी दिसलं. गिऱ्हाइकाचा पत्ता, मालाचं नाव, सवलतीचा टक्का यांचंही तेच. गिऱ्हाईक घर बदलतं, पण ऑगस्टमधला एसी कुठल्या पत्त्यावर पोचवला ते बदलत नाही.

दुरुस्ती करताना आम्ही बिलाच्या प्रत्येक ओळीला चार रकाने जोडले: करपात्र रक्कम, कराचा दर, सीजीएसटी आणि एसजीएसटी. बिल कापलं जातं त्या क्षणी मालाच्या यादीतून दर उचलून इथे उतरवायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. पूर्ण रुपयात आणण्यासाठी जे पैसे कमी-जास्त होतात तेही बिलावर लिहायचे, कारण पूर्णांकाचा नियमसुद्धा उद्या बदलू शकतो. ‘एकूण’ ही प्रॉपर्टी मात्र आजही टेबलात नाही. ती पूर्वीसारखी मोजलीच जाते, फक्त आता तिची सगळी सामग्री बिलाच्या स्वतःच्या ओळीत आहे.

जुन्या बिलांचं काम जिकिरीचं होतं. २२ सप्टेंबरच्या आधीच्या प्रत्येक ओळीला जुना दर लावायचा, पण तो ‘जुना दर’ आमच्याकडे कुठेच उरला नव्हता, दुकानदारांनी त्याच्यावरच नवा लिहिला होता. त्यांच्या कर सल्लागारांकडून मालवार जुने दर मागवले, बिलं पुन्हा मांडली आणि महिनावार बेरीज काढून ती त्या त्या महिन्याच्या भरलेल्या जीएसटीआर-१ शी, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राशी, लावून पाहिली. जुलै जुळला. ऑगस्टमध्ये एका परत आलेल्या पंख्याची क्रेडिट नोट दोनदा धरली गेली होती, ती काढल्यावर तोही जुळला. संध्याकाळी दुकानदारांना फोन केला. त्यांनी ते बिल उघडलं, छापलं, आणि आकडा मला वाचून दाखवला: एक्कावन्न हजार दोनशे.